रोटांच्या पानावर एक नाव

सुनंदाबाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. जवळपास वर्षभर आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, आम्हा दोघांत एकच कॉम्प्युटर होता, तरी त्यांचं माहेर एरंडोलकडचं हे मला त्या गेल्यावर कळलं, तेही दुसरं कोणी बोलत असताना. त्यांचे यजमान काय करत होते हे अजून नीट माहीत नाही. एसटीत असावेत. एवढ्याशा ओळखीवर कोणाबद्दल लिहू नये असं माझं मत आहे, आणि मी हुमाला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "नाना, जेवढं माहीत आहे तेवढंच लिहा. बाकीचं कोण लिहिणार आहे?" म्हणून लिहायला बसलो. पाटबंधारे खात्यात मी आयुष्यभर लिहिलं, पण त्याला कोणी लिहिणं म्हणत नाही. तेव्हा चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

हुमा आमची मास्तरीण. धुळ्यात तिच्या वडिलांचा, नासीरभाईंचा, गादी कारखाना आहे. खाली कापूस पिंजायचं यंत्र, रचलेल्या गाद्या आणि उशा, आणि वरच्या खोलीत हुमाचा कॉम्प्युटर क्लास. सकाळी आणि संध्याकाळी कॉलेजची मुलं येतात. दुपारी खोली रिकामी राहते म्हणून तिने दारावर पाटी लावली होती की मोठ्या माणसांनाही शिकवलं जाईल. त्या पाटीवर भुलून दोघंच आलो, मी आणि सुनंदाबाई. खिडकी उघडी ठेवली की खालचा कापूस उडत वर यायचा आणि कीबोर्डच्या खाचांत बसायचा. बंद ठेवली की गुदमरायला व्हायचं. सुनंदाबाई पदराने कीबोर्ड पुसायच्या आणि म्हणायच्या, "याला पण दुलई शिवून द्या एक."

मी कशासाठी गेलो याला काही अर्थ नाही. बायको गेल्यापासून दुपार सरत नव्हती, इतकंच. सुनंदाबाई मात्र एक प्रश्न घेऊन आल्या होत्या, आणि तो प्रश्न मी ऐकला तो दारात चप्पल काढताना. दोघांचा पहिला दिवस एकच होता.

तो प्रश्न सांगायचा तर आधी कानबाई सांगावी लागेल. खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई ही देवी घरी बसवतात. सगळे भाऊबंद गावच्या घरी जमतात. कोणी सुरतेत असो, कोणी नाशकात, त्या दिवशी यायचं. कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांना रोट म्हणतात. त्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. काल जन्मलेल्या पोराचीही मूठ असते. मोठ्याने नाव घ्यायचं आणि मूठ काढायची. घराघराची रीत थोडी वेगळी असते, पण सुनंदाबाईंच्या सासरी, शिंदखेड्याजवळच्या गावात, अशी होती. परगावी असलेल्या माणसाची मूठ काढतात. गेलेल्या माणसाची काढत नाहीत. आणि हे रोट भाऊबंदांनीच मिळून खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत.

नवीन हा सुनंदाबाईंचा एकुलता मुलगा. सुरतेला एका साड्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचा. एक दिवस खोलीवरून निघाला तो दुकानात पोचला नाही. कपडे खोलीत होते, अंथरूण गुंडाळलेलं होतं, फोन बंद. पोलिसांत कळवून झालं. सुनंदाबाईंचे जेठ, म्हणजे थोरले दीर, भाईदासआबा पुतण्याचा फोटो घेऊन सुरतेच्या फेऱ्या मारून आले, स्टेशनवर आणि दवाखान्यांत उभे राहिले. काही हाती लागलं नाही. दोन कानबाया त्याच्या नावाची मूठ काढली गेली. तिसऱ्या वर्षी आबांनी नावं घेताना ते नाव गाळलं आणि पुढचं घेतलं. कोणी काही बोललं नाही. सुनंदाबाईही बोलल्या नाहीत. जेठासमोर बोलायची रीत नव्हती, आणि बोलून काय म्हणणार होत्या?

पुढे आबांचा मुलगा जितेंद्र, जो पुण्यात नोकरीला आहे, त्याने एक पान बनवलं. मोबाईलवर ते पान उघडलं की भाऊबंदांतल्या सगळ्या पुरुषांची नावं, त्यांच्या मुठी आणि शेवटी एकूण गहू दिसायचे. वरच्या चौकोनात नाव टाकलं की त्या नावाची मूठ दिसायची. सुनंदाबाई धुळ्यात अंगणवाडी सेविका होत्या, घरातल्या लिहित्या सुनेकडे नावांची यादी ठेवायचं काम आधीपासून होतं, म्हणून जितेंद्रने पान त्यांच्या हवाली केलं आणि तो आपल्या कामाला लागला. सुनंदाबाईंनी पहिल्यांदा चौकोनात एकच नाव टाकलं. नवीन. खाली इंग्रजीत आलं, अनडिफाइन्ड.

तो मोबाईल हुमासमोर धरून त्या विचारत होत्या, "पोरी, हे काय म्हणतं?"

"म्हणजे या नावाचं इथे काही ठेवलेलं नाही."

"पुसलं का कोणी?"

हुमाने जरा विचार केला. "पुसलं, का पहिल्यापासून नव्हतंच, ते याला सांगता येत नाही अक्का. दोन्हीला हे असंच म्हणतं."

"मग ठेवायचं कसं ते शिकव."

"जितेंद्रभाऊंना सांगा ना, दोन मिनिटांत करतील."

"त्याला सांगितलं तर तो बापाला विचारणार." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी चप्पल हातात घेऊन तसाच उभा होतो. त्या म्हणाल्या, "या ना भाऊ, आत या. चप्पल काय शिकायला आणली का?"

त्या पानामुळे आम्ही जावास्क्रिप्ट, म्हणजे असं पान ज्या भाषेत लिहितात ती, शिकलो. हुमाचा बेत आम्हाला फोनवरून पैसे पाठवणं आणि तिकीट काढणं शिकवायचा होता. पण सुनंदाबाई, ज्यांना हुमामुळे मीही अक्का म्हणू लागलो, म्हणाल्या मला पानच शिकायचं, आणि मी जे समोर येईल ते शिकायला तयार होतो.

हुमाने ऑब्जेक्ट शिकवला तो गादीवरून. फळ्यावर तिने महिरपी कंस काढला आणि आत लिहिलं: लांबी, मग दोन टिंबं, मग सहा. स्वल्पविराम. रुंदी, दोन टिंबं, चार. स्वल्पविराम. कापूस, दोन टिंबं, देशी. कंस बंद. "ही एक गादी. डावीकडे काय विचारायचं ते, उजवीकडे त्याचं उत्तर. आता गादी, मध्ये एक टिंब, आणि कापूस असं लिहिलं की ते सांगणार, देशी." आम्ही मराठीतच लिहायचो. यंत्राला मराठी नावं चालतात हे पाहून मला उगीच बरं वाटलं.

मग तिने मला म्हटलं, तुमच्या घरातली कोणतीही वस्तू घ्या. मी सायकल घेतली. रंग काळा, चाकं दोन. अक्कांनी माझ्यापुढून हात घालून सायकल, टिंब, घंटा असं टाईप केलं. अनडिफाइन्ड.

"नाना, घंटा नाही? मग लोक बाजूला कसे होतात?"

"मी खोकतो," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की खालून नासीरभाईंनी ओरडून विचारलं, "काय झालं वर? शिकवणी चालली की लग्न लागलं?" हुमा लाजली आणि तिने खिडकी लावून घेतली. त्या दिवसापासून मी नाना झालो. त्याआधी त्या मला भाऊ म्हणत होत्या.

अक्का हळू शिकायच्या, पण शिकलेलं सोडायच्या नाहीत. घरी जाऊन कागदावर कंस काढून त्यात काहीबाही भरून आणायच्या. अंगणवाडीतली मुलं, शेजारणीची म्हैस, दळणाचा डबा. नसलेली गोष्ट नुसतं टिंब देऊन आणि बरोबरचं चिन्ह लावून ठेवता येते हे कळलं त्या दिवशी त्यांनी शेजारणीच्या म्हशीला शेपटी दिली, कारण आधी लिहायची राहिली होती. ठेवलेली गोष्ट बदलता येते, तेही शिकलो. काढून टाकायची असेल तर आधी डिलीट हा शब्द लिहायचा. तो शब्द हुमाने फळ्यावर लिहिला तेव्हा अक्का पाणी प्यायला उठल्या. मी वहीत लिहून घेतला. हे मी आता जुळवून सांगत नाही, तसं झालं. पण त्यांना तहानही लागली असेल.

एक गोष्ट मला तेव्हाही दिसत होती, की त्यांना नाव ठेवता येऊ लागलं होतं तरी त्यांनी ते त्या पानात ठेवलं नव्हतं. एकदा हुमाने सहज विचारलं, "अक्का, आता करायचं का ते?"

"आबा पाहतील ना. बठ्ठा पाहतील." बठ्ठा म्हणजे सगळे. शहरात त्या आमच्यासारखं बोलायच्या, पण घरचा विषय निघाला की अहिराणी मध्ये यायची. "ते म्हणतील, नसलेल्याची मूठ कानबाईसमोर काढायला लावते. घरात लहान लेकरं आहेत, त्यांच्यावर काही आलं तर? मग ते माझ्या डोक्यावर."

"मग?"

"बघते."

आषाढ संपत आला. भाऊबंदांतल्या नाशिकच्या घरी नातू झाला होता, त्याचं नाव पानात घालणं भाग होतं, आणि कानबाईच्या आधी पान भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकायचं होतं. जितेंद्रने पानाची सगळी फाईल हुमाकडे दिली होती. अक्कांनी त्या दुपारी स्वतः नातवाचं नाव घातलं. पानातल्या यादीचं नाव रोट होतं. रोट, टिंब, नाव, बरोबर, एक पूर्णांक पंचवीस शतांश. सव्वा मूठ. मग हुमा खाली चहा आणायला गेली तेव्हा त्या फाईलच्या तळाशी गेल्या आणि त्यांनी दोन ओळी लिहिल्या. मी शेजारीच होतो. पहिली ओळ होती, माझे रोट बरोबर रोट. दुसरी, माझे रोट, टिंब, नवीन, बरोबर एक पूर्णांक पंचवीस शतांश.

"नाना, वरची त्यांची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ही माझी. वेगळी. कोणाला दाखवायची नाही. आपल्यापुरती."

मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. मलाही वाटलं, त्यांची एक, यांची एक. आमच्या भागात भाऊ वेगळे झाले की भांडी वाटून घेतात आणि दुसरी चूल मांडतात. दुसरं नाव दिलं की दुसरं घर झालं, असं आम्ही दोघंही समजत होतो. हुमाने चहा आणला, वरचं नातवाचं नाव तपासलं, तळाशी पाहिलं नाही आणि पान चढवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी ते ग्रुपवर टाकलं.

त्याच दुपारी क्लासमध्ये त्यांचा फोन वाजला. सुरतेहून भाऊबंदांतला कोणी पोरगा होता. त्याचा आवाज इतका मोठा होता की मला खुर्चीवर ऐकू आला. "काकू! नवीनभाऊ उना का?" नवीनभाऊ आला का.

"कोण म्हणे?" अक्का उभ्या राहिल्या.

"पानवर नाव शे ना! मी सगळ्यासले सांगं!" पानावर नाव आहे म्हणून त्याने सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

त्यांनी "नही रे, नही उना," म्हणून फोन ठेवला, तोच नाशिकहून आला. मग त्यांच्या नणंदेचा आला. ती रडत होती आणि मध्येच हसत होती. प्रत्येकाला अक्का तेच सांगत होत्या. नही उना. चुकून पडलं नाव. नही, फोन पण नही. आवाज चढला नाही की उतरला नाही. फक्त प्रत्येक फोननंतर त्या मोबाईल टेबलावर उलटा ठेवायच्या आणि तो पुन्हा वाजायचा.

हुमाने पान उघडून पाहिलं. नावांच्या शेवटी नवीन होतं, पुढे सव्वा मूठ, आणि एकूण गहू तेवढ्याने वाढलेले. मग तिने फाईल उघडली आणि तळाच्या दोन ओळी वाचल्या. तिचा चेहरा उतरला.

"अक्का, ही ओळ तुम्ही लिहिली?"

"ती माझी आहे ना, वेगळी. त्यांच्यात कशी गेली?"

"वेगळी नाही झाली ती." हुमा त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली. "आकडा असता तर झाली असती. ऑब्जेक्टचं तसं नसतं. बरोबर लिहून दुसरं नाव दिलं की नवीन घर नाही बांधलं जात. त्याच घराला दुसरी पाटी लागते. कोणत्याही दारातून आत जाऊन काही ठेवलं, तरी घर एकच. मी सांगायला हवं होतं. तो धडा पुढे होता."

अक्का पडद्याकडे पाहत राहिल्या. "मला वाटलं, मी वेगळी चूल मांडली," त्या म्हणाल्या.

जिन्यावर पावलं वाजली. धोतर आणि टोपी घातलेले एक उंच म्हातारे गृहस्थ धापा टाकत वर आले. पाय पोटरीपर्यंत चिखलाने भरले होते, शेतातून तसेच निघाले असणार. खाली नासीरभाईंना विचारून आले होते, कारण अक्कांच्या खोलीला कुलूप होतं. अक्कांनी पदर डोक्यावर घेतला तेव्हा मला कळलं की हे भाईदासआबा.

मी उठून बाहेर जावं की बसून राहावं हे ठरेना. जिन्यात तेच उभे होते. मी बसून राहिलो.

"नवीननी माय," ते म्हणाले. जेठ भावजयीला नावाने हाक मारत नाही, मुलाची आई म्हणूनच हाक मारतो. "पोरगा कथा शे?" पोरगा कुठे आहे.

"नही उना, आबा."

"पानवर नाव शे."

"ते मी लिखं."

"फोन उना व्हता?"

"नही."

"कोणी देखा त्याले?"

"नही, आबा. कोणीच नही."

ते दारातल्या बाकावर बसले. हुमाने पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. खाली यंत्र चालू होतं. मग नासीरभाईंनी ते बंद केलं असावं.

"तठेथून अठेलगून," ते शेवटी म्हणाले, म्हणजे तिथून इथपर्यंत, "देवले काय काय कबूल करी टाकं मी." आणि मग त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

मला वाटतं, आबांच्या मनातही ती जागा तशीच होती हे अक्कांना त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आबांनी नाव गाळलं म्हणजे नवीनला सोडलं. पण हे माझं वाटणं. त्यांनी मला असं कधी सांगितलं नाही.

आबांनी आमच्याकडे पाहिलं आणि शहरी मराठी धरली, बहुतेक आम्ही परके म्हणून. "घरी बायकोने साखर टाकून चुलीवर शिरा केला, पोरगा आला म्हणून. मी तिला काय सांगू आता जाऊन? वहिनी, ते नाव काढून टाका. दरसाल असा एक फोन आला तर माझ्याने असं पळत येणं व्हायचं नाही. मी मरेन वाटेत."

वहिनी ते का म्हणाले ते मला समजलं नाही. गडबडले असतील.

हुमा पुढे झाली. "आबा, एक मिनिट. अक्का, आधी मी तुमची वेगळी करून देते. खरी वेगळी. महिरपी कंसात तीन टिंबं देऊन एक ओळ लिहावी लागते, सगळं दुसरीकडे उतरून येतं. मग त्यांच्यातलं नाव काढा. तुमच्यातलं राहील. कोणाला दिसणार नाही."

अक्कांनी विचार केला. खरंच केला, कारण त्यांचा हात माउसवर होता आणि तो थांबला.

"वेगळी घेऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "त्याच्या मुठीचा रोट मी एकटीनेच खायचा का, खोलीत बसून? रोट असा खातात का?"

मी वर सांगितलं की रोट भाऊबंदांनी मिळून खायचे असतात. एकटीचे रोट असं काही नसतं. ते फक्त यंत्रात होऊ शकतं.

त्यांनी हुमाला हाताने बाजूला सारलं आणि स्वतः टाईप केलं. इंग्रजी अक्षरं त्या अजून शोधून शोधून दाबायच्या. डिलीट. मग जागा सोडून मराठीत रोट, टिंब, नवीन. एंटर दाबताना त्यांनी माझ्याकडे किंवा आबांकडे पाहिलं नाही. खाली एक इंग्रजी शब्द आला. ट्रू.

"काय म्हणतं?" आबांनी बाकावरून विचारलं.

"झालं म्हणतं," हुमा म्हणाली.

अक्कांनी आणखी एक ओळ लिहिली. माझे रोट, टिंब, नवीन. मी पुढे वाकून पाहिलं, जणू काही वेगळं येणार होतं. घर एकच होतं, तेव्हा तिथूनही तो गेला होता. अनडिफाइन्ड.

हुमाने तळाच्या दोन ओळी काढल्या आणि पान पुन्हा चढवलं. ग्रुपवर काय लिहायचं ते अक्कांनी सांगितलं आणि तिने लिहिलं: नाव चुकून आले होते, कोणी फोन करू नये. आबा मग पाणी प्यायले. नासीरभाई चहा घेऊन आले, आबांच्या शेजारी बसले आणि कापसाच्या पिकाचं विचारत राहिले. आबांनी नीट उत्तरं दिली. यंदा उगवण चांगली झाली म्हणाले. जाताना ते अक्कांना म्हणाले, "कानबाईले लवकर येजो." त्या हो म्हणाल्या.

त्यानंतर त्या आणखी काही दुपारी आल्या. हुमाने तो पुढचा धडा शिकवला, दोन पाट्यांचा आणि खऱ्या नकलेचा. अक्कांनी तो मन लावून ऐकला, माझ्या सायकलची खरी नक्कल करून तिचा रंग लाल केला, आणि माझी काळी सायकल काळीच राहिली. "बघा, आता जमतंय," त्या म्हणाल्या. हुमाने मान खाली घातली.

कानबाईला त्या गावी गेल्या आणि परत आल्या नाहीत. तिथे ताप आला, अंगावर काढला, मग छाती भरली. शिंदखेड्याहून धुळ्याला आणायची तयारी चालली होती तेवढ्यात गेल्या. जितेंद्रने हुमाला फोन केला, कारण त्याच्याजवळ धुळ्यातला तेवढाच नंबर होता.

आम्ही दोघं भेटायला गेलो. मी जावं की नाही याबद्दल मला खात्री नव्हती, कारण कोण म्हणून जाणार? पण आबांनी मला ओळखलं आणि खाट झटकून बसायला दिली. आबांच्या पत्नी मंजुळाबाई हुमाशी बोलत होत्या, त्यांच्याकडून अक्कांचं माहेर कळलं आणि त्या रात्रीचंही कळलं. गहू काढताना मोबाईलवर पान उघडून आबा एकेक नाव घेत होते आणि अक्का सुपातून मूठ काढत होत्या. नावं संपली. आबा गप्प झाले. अक्कांचा हात सुपातच राहिला होता, गव्हात, मनगटापर्यंत. सगळे बसले होते. कोणी म्हणालं नाही की काढ, कोणी म्हणालं नाही की काढू नको. मग त्यांनी हात बाहेर घेतला, तो रिकामा होता. पदराला पुसला आणि दळायला काय काय न्यायचं ते सांगू लागल्या.

"मी तेव्हा काही म्हणाया पाहिजे व्हतं," मंजुळाबाई म्हणाल्या. हुमाने त्यांचा हात धरला. मी अंगणात पाहत बसलो.

आमचं शेवटचं बोलणं त्याआधीचं, त्या गावाला निघाल्या त्या दुपारचं. क्लास सुटला होता. त्यांच्या हातात पिशवी होती, मी मागून जिना उतरत होतो. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या.

"नाना, शिंदखेड्याची गाडी आता कुठं लागते हो? मागच्या खेपेला शोधत बसले मी."

"पूर्वी त्या टोकाला लागायची. आता बदललं असेल."

"मग विचारते चौकशीत."

"विचारा," मी म्हणालो.